इस्त्रीचा शर्ट

रत्नागिरी, सोमवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आज आमच्या ऑफिसात प्रोग्रामरच्या जागेसाठी सूरज थापा आला होता. नेपाळचा. तिकडे चार वर्षं हेच काम केलंय, बायकोला इथे नर्सची नोकरी लागली म्हणून आलाय. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. आंब्याच्या पेट्यांवर चुकीचे पत्ते छापले जात होते, प्रोग्राममधली ती चूक मला आठवडाभर सापडत नव्हती. सरांनी त्याला तीच दिली. त्याने अर्ध्या तासात शोधली.

आणि सर काय म्हणाले? "छान हो! पण ती जागा भरली. माझ्या पालीच्या बागेत गुरखा हवाच आहे, बघा. तुमची माणसं इमानी असतात."

भरली? कोणी भरली? त्याच्याकडून काम करून घेताना रिकामी होती ना? "नको, सर," एवढंच बोलून तो इस्त्रीचा शर्ट सारखा करत उठला. लाज कशी वाटत नाही माणसाला!

घरी आल्या आल्या आईपुढे सरांचा उद्धार केला. एक मात्र सांगितलं नाही. सकाळी तो दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्याकडे बघून मीच म्हटलं होतं, "बागेचं काम ना? मागच्या दाराला जा."

शर्ट तेव्हाही तोच होता.