बोटीवरून आलेला मेंबर

लोणी, ता. आंबेगाव
१६ मार्च १९९७

तीर्थरूप दादा,

पायांवर डोकं ठेवतो. कोकणात यंदा गवत बरं आहे असं कळलं, तेव्हा तुम्ही अन् मेंढरं सुखात असाल. इकडं विहिरी खाली गेल्यात. ज्या गुडघ्यापायी म्हाळसावहिनी यंदा मागं राहिल्या, तो आता बरा आहे. त्या हल्ली घरी फारशा सापडत नाहीत, पण त्याचं पुढं लिहितो.

मी पंचायत समितीला निवडून आलो. आपले व्याही सावळेराम पडले. आपली हिरा त्यांच्या घरी नीट नांदते आहे, काळजी नसावी. "व्याह्याच्या विरोधात उभा राहिलास तर तोंड दाखवू नको," असं तुम्ही जाताना बजावलं होतं, म्हणून पत्रानं कळवतो.

सुरुवात वाईट झाली. नौदलात खलाशी म्हणून गेलो अन् लेफ्टनंट होऊन परतलो, तर लोकांना दिसायला नको का? म्हणून पांढरा युनिफॉर्म, खांद्यावर सोनेरी पट्ट्या अशा थाटात प्रचाराला निघालो. पहिल्याच वस्तीवर लंकाबाईंनी प्रेमानं चहा पाजला अन् विचारलं, लग्नाची सुपारी किती घेता? मला बँडवाला समजल्या. दुसऱ्या दिवसापासून लेंगा घातला.

भाषणाचंही तसंच. बोटीवर सगळा कारभार हिंदीत, त्यामुळं जोर चढला की तोंडातून हिंदीच निघते. लोक टीव्ही बघावा तसे बघत बसायचे. त्यात सावळेरामांनी भर सभेत विचारलं, ज्याला चार मेंढरं राखवली नाहीत तो तालुका काय राखणार? माणसं लई हसली. मी मागं उभा होतो, मीही हसलो. घरी येऊन मात्र जेवलो नाही.

आता वहिनींचं. त्यांचा दोष नाही, मी त्यांना या म्हटलंसुद्धा नव्हतं. शेवटच्या सभेत माझी हिंदी सुरू झाली तशा त्या काठी टेकत वर आल्या, माइक काढून घेतला अन् म्हणाल्या, "खाली बस, चिमा."

बसलो. सगळी नोकरी हुकूम पाळण्यातच गेली.

"ह्यो पान्यावर ऱ्हायला, आन् आमी पान्यामागं फिरतोय. घर दोगान्लाबी घावलं न्हाई. ह्यो तर परत आलाय. माजं मानूसबी परत यावं, म्हनून मत मागते."

टाळी पडली नाही. बायका मात्र बराच वेळ उठल्या नाहीत.

निकालाच्या संध्याकाळी सावळेराम पेढे घेऊन दारात. मी हात जोडले, तर ते तसेच आत गेले अन् वहिनींपुढं पुडा ठेवला. म्हणाले, "मी चिमाजीकडून हरलो न्हाई, विहीणबाई. तुमच्याकडून हरलो." वहिनींनी पेढा खाल्ला अन् हिराला चार दिवस माहेरी पाठवा म्हणून तिथंच कबूल करून घेतलं.

आता मेंबर मी, पण लोक कामं घेऊन वहिनींकडं येतात, अन् त्याही दिवसभर त्यांच्याबरोबर फिरतात. मी अर्ज लिहून देतो. घोडेगावच्या पहिल्या सभेत आपल्या ओढ्यावर बंधारा मागायचा, असं मला सांगण्यात आलं आहे. पाणी थांबलं तर मेंढरं थांबतील.

दादा, इतकं सगळं लिहिलं ते एक सांगायचं टळावं म्हणून. वहिनी पुढच्या वर्षी मेंढरांमागं येणार नाहीत. तुम्हाला जायचं तर खुशाल जा, म्हणतात. पण रोज दिवस कलला की ओट्यावर बसून तुमच्या वाटेकडं बघतात.

हे लिहू नको, असं त्यांनी दोनदा बजावलंय.

घरी जागा धरून बसलेला,
तुमच्या पाठचा
चिमा