जित्या बापाचं मुंडण

मुरूड, ता. ९ ऑगस्ट

तुझा बाप ताटावर बसून मांदेली खात होता आणि वाड्यातल्या बाया गळा काढत दारात आल्या. का, तर आपल्या आळीतल्या नीराबाईनं तुला पनवेलच्या स्टँडवर भादरलेल्या डोक्यानं बघितलं आणि तिथूनच फोन फिरवले, की सदा तांडेल गेला, पोरानं डोकं केलं. सदा तापानं घरात पडून, बंदरावर कुणाला दिसला नव्हता, म्हणून बायांना खरंच वाटलं. एकीच्या हातात हार, ह्याच्या हातात काटा. घास तोंडातच राहिला.

चि. निकेत यास आजीचा आशीर्वाद. हा आधी लिहायचा असतो, ठाऊक आहे मला.

फोन करत नाही. मला ऐकू यायला तो मोठ्यानं लावावा लागतो, मग आख्खी आळी ऐकते. माझी अक्षरं चौथीतली आहेत, लावून वाच. कागद अंबाजी ड्रायव्हरच्या हाती देते आहे. इंजिनचं काम शिकायला जातो म्हणालास. इंजिन काय डोक्यावर घेऊन शिकवतात? बाप गेला की डोकं करतात, हे तुला मी सांगायचं? सदानं उरलेली मांदेली मांजरीला घातली आणि म्हणाला, ज्याला मी मेलो, त्यानं माझ्या बोटीवर पाय ठेवायचा नाही. नारळी पुनवेला बोट लोटायची आहे. खरं काय ते लिही. आशीर्वाद दिलेत, ते जपून वापर.

आजी, जनी

पनवेल, ता. ११ ऑगस्ट

ती. आजीस निकेतचा साष्टांग नमस्कार.

हाराचं वाचून आधी हसलो. मग बाबांचं वाक्य वाचलं.

खरं सांगतो. डोक्यामागचे केस काढून पुढे लावून घेतले. ऑपरेशनच असतं ते, त्यासाठी भादरावं लागलं. चौलची मुलगी बघायला गेलो, तेव्हा तिच्या आईनं माझं टक्कल बघून विचारलं होतं, मुलगा बिजवर आहे का? सगळे हसलात, तूही. मी नाही हसलो.

आता या खोलीत कोंडून पडलोय. ऊन नको, घाम नको, वाकणं नको, जड उचलणं नको, खारं पाणी तर नकोच. टोपीसुद्धा घालायची नाही, म्हणून दाराबाहेर पडायची लाज वाटते. झोपायचं ते उशांना टेकून. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि तिच्यावर एक पाइप. कुठल्या घरात कधी पाणी सांडतात ते आता मला पाठ झालंय. खाज सुटली की हात मांडीखाली दाबून बसतो. बाबा फोन उचलत नाहीत. उचलला तरी काय सांगू? खलाशी माणूस केसांसाठी घरात बसला म्हणून?

जाळं ओढायला डॉक्टर इतक्यात सोडणार नाहीत. पण मी बोटीवर नसलो तर बाबांचं काय होईल, याचा घोर लागलाय. तुझी माया आहे तशी असू दे, हसलीस तरी चालेल.

तुझा, निकेत

मुरूड, ता. १४ ऑगस्ट

चि. निकेत यास आशीर्वाद. या वेळी आधी लिहिला.

तुझ्या आजोबांच्या टकलाला वारा आधी लागायचा, म्हणून त्यांना वादळ आधी कळायचं. असली कामाची वस्तू तू झाकून टाकलीस.

घोर कसला ते मला कळलं. गेल्या हंगामात तू पुढे उभा राहून जाळं ओढता ओढता डावीकडे, उजवीकडे असं ओरडायचास, ते काय गाणं नव्हतं. पहाटे सदाला बंदराचा एक दिवा दोन दिसतो. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातो. आता तुझ्या जागी प्रज्योतला घेतलाय. दंडानं रेडा आहे, पण माणगावचा, डोंगराकडला. पाण्याखालचा खडक त्याला कुणी दाखवायचा?

केसांचं मी सदाला सांगितलं. म्हणाला, मुंडण ते मुंडण. त्याला तू नको, तुला ओढवत नाही, आणि मी तुमच्या दोघांत टोपलीतल्या चिंबोरीसारखी. इकडून चढते, तिकडून खाली येते. डोकं खाजवू नकोस.

आजी

पनवेल, ता. १९ ऑगस्ट

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

आज चालायची परवानगी मिळाली. धाप लागेल इतकं नाही. संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारल्या. चार भिंतींच्या जागी चार कठडे, एवढाच फरक.

डॉक्टरांना बोटीचं विचारलं. ते म्हणाले, तिथे काय करता? म्हटलं ओढतो, उचलतो, ढकलतो. प्रत्येकाला नाही म्हणत गेले. शेवटी वैतागून म्हणाले, सावलीत बसून करायचं एकही काम नाही का तुमच्यात? म्हटलं, एक आहे. केबिनमध्ये सुकाणू धरायचं. ते म्हणाले, मग तेवढंच धरा, डोक्यावर पाणी येऊ देऊ नका.

पण ते बाबांचं काम आहे. बोटीचा तांडेल जिता असताना त्याचं सुकाणू मागणं म्हणजे डोकं करण्याहून वाईट. हे मला जमायचं नाही. पुनवेला त्यांना थांबव, एवढी तुझ्यापाशी मागणी.

निकेत

मुरूड, ता. २२ ऑगस्ट

थांबव म्हणे. मी काय त्याच्या पायाला नांगर बांधू? चि. निकेत यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी सदाला मोठ्यानं वाचून दाखवलं. सुकाणूपर्यंत आले आणि तो उठून बाहेर गेला. जेवायला आला नाही म्हणून मी बंदरावर गेले, तर केबिनच्या बाजूच्या काचेवर गोणपाट ठोकत होता. विचारलं, हे कशाला? म्हणाला, ऊन येतं. इतकी वर्षं त्या केबिनमध्ये बसला, त्याला कधी ऊन आलं नव्हतं.

तरी तोंडानं हो म्हणाला नाही, आणि त्याच्या वतीनं मी म्हणणार नाही. आता इकडे कागद धाडलास तर वर सदाचं नाव घाल, माझं नको. सुकाणू माग. डोळ्यांचा शब्द काढू नकोस, मला ओढवत नाही म्हणून द्या, असंच लिही. वाचून मी दाखवीन. पण उत्तर तांडेलानंच द्यायचं.

आजी