ओठाले चिकटणारी बाजू

मामाजी,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. पाटावर ठेवायले तुमचा फोटो छापता छापता आज असं काही झालं का तुम्हालेच लिहावं वाटलं. तुमची सून चौथी शिकलेली, अक्षराले हसू नका.

अख्ख्या अड्याळचे फोटो तुम्ही काढले. तुमचा मात्र एकच, तोही मी हट्टानं काढला म्हणून. त्याची निगेटिव्ह स्कॅन केली. पण आपल्या घरच्या स्टुडिओत आता इंकजेट प्रिंटर आहे, तुमच्या डार्करूममधल्यासारखा कागद आणू कुठून?

भंडाऱ्याच्या दुकानदारानं चकचकीत कागद पुढे केला. "बाई, सगळीकडे हाच चालते."

म्हटलं, "याच्यात सासऱ्यापेक्षा माझंच तोंड जास्त दिसते. दुसरा काढ."

तुमच्या हातचा जुना फोटो पिशवीत नेला होता. एकेक कागद त्याच्याजवळ धरून दारातल्या उन्हात तिरपा केला. एक निळसर, एक प्लास्टिकसारखा, एक पापडासारखा पातळ. चौथा कापसाचा निघाला. जाड, सायीच्या रंगाचा, चमक दबलेली. तुम्ही फोटो कपड्यावर पालथे वाळवायचे ना, तशीच. महाग होता, दोनच घेतले.

घरी येऊन घाईत पहिलाच प्रिंटरात उलटा घातला. शाई पसरली, तुमची मिशी कानापर्यंत गेली. छापायची बाजू कोणती ते पाकिटावर इंग्रजीत लिहिलेलं. कागद उरला एक. विचारू कोणाले?

मग आठवलं. लग्नानंतर तुम्ही मले लाल बल्बाच्या खोलीत उभं केलं होतं. मी म्हटलं, "मले धड वाचता येत नाही."

तुम्ही म्हणाले, "इथं कोणाले वाचायचं आहे? कोपरा ओठाले लाव. चिकटते ती मसाल्याची बाजू, ती वर."

फोटो धुवायच्या औषधाच्या वासानं तेव्हा मी किती चिडली तुमच्यावर. पण शाळेनं घरी बसवलेल्या पोरीले तुम्हीच कामाले उभं केलं. एखादी शाबासकी दिली असती तर काय गेलं असतं तुमचं?

आज ओठ ओला करून कोपरा लावला. चिकटला.

कोट काळाच्या काळा आला, मामाजी. मिशीचा केस न् केस. तुमचा लेक पाहून म्हणे, "बाबांचा हा जुना फोटो कुठं सापडला तुले?" मी तीच तुमची शाबासकी समजली.

तुमच्या पत्र्याच्या पेटीत गावातल्या कितीतरी गेलेल्या माणसांच्या निगेटिव्ह आहेत. त्या याच कागदावर काढून ज्याच्या त्याच्या घरी नेऊन देईन. आणि पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, बाजू ओठानंच पाहीन.

तुमची सून,
मंदा