ओढा सरकतोय

१८ ऑगस्ट, सोमवार

पुलाच्या मधल्या खांबाच्या पायाखाली हात घातला – कोपरापर्यंत आत गेला! माती नाहीच, नुसतं पाणी. मी अभियंता म्हणून सेनगावला बदलून आले तेव्हा हा पाया पुरता जमिनीत होता.

खाली गावाजवळ ओढा खोल केला, विहिरींना पाणी लागलं, सगळे खूश. पण तेव्हापासून ओढ्याचा तळ खचतोय, आणि ते खचणं वरच्या अंगाला पुलापर्यंत आलंय. पलीकडच्या बंजारा तांड्याकडचा काठही दर पुरात ढासळतोय. दोष कुणाला देणार? पाणी तर सगळ्यांनाच हवं.

बांधकाम खात्यातल्या साहेबांना फोन केला. म्हणाले, "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हीच ठरवा."

१९ ऑगस्ट

पूल बंद केला. दोन्ही तोंडांना मुरमाचे ढीग टाकले.

अख्खा तांडा जमला. थावराकाका सगळ्यांच्या पुढे. "काहून बंद करून राहिल्या म्याडम? ह्या पुलासाठी माझ्या बापानं चपला झिजवल्या. ट्रॅक्टर जाते, एसटी जाते. काय धाड भरली त्याला?"

त्यांना खाली नेऊन पाया दाखवला. त्यांनी वाकून खाली हात घालून पाहिला. मग आवाज उतरला. "माझ्या सुनेचे दिवस भरत आलेत. आता दवाखान्याला त्या खड्ड्याच्या रस्त्यानं, लांबून फिरून जायचं. वाटंतच काही झालं तर तुमी येताल का?"

मी तशीच गाडीत येऊन बसले.

२० ऑगस्ट

दवाखान्याचा फिरून जायचा रस्ता नकाशावर पुन्हा पुन्हा मोजला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळीच तांड्यावर गेले, फिरून. हाडं खिळखिळी झाली. काकांचं म्हणणं खरंच होतं.

दारातच सांगून टाकलं – "तुमच्या सुनेला, संगिताला, माझ्या खोलीवर पाठवा. दवाखाना समोरच आहे." जिवनबाई, तिची सासू, माझ्याकडे पाहतच राहिली. "तुमच्या घरचे काय म्हणतील?"

"घरचे कुरुंद्याला. इथं मी एकटीच."

काका आणि तिचा नवरा काही ठरवायच्या आत संगिताच उठली. पिशवी भरूनच ठेवली होती तिनं!

२३ ऑगस्ट

काल पोळा. संगिता खिडकीशी बसून होती. तांड्यावर बैल सजले असतील म्हणाली. मी पुरणपोळ्या लाटल्या – सगळ्या फाटल्या. पोट धरून हसली. मग एकदम –

"म्याडम, खरंच पडंल का हो पूल?"

"माहीत नाही गं."

"न्हाई पडला तर तांडा तुमाला लई शिव्या देईल."

"देऊ दे."

"पडला तरी देईल!"

दोघी हसलो. पण मला आतून भीती वाटते. पूल नाही पडला तर? एवढ्या लोकांना उगाच तकलीफ दिली असं होईल. आणि पडावा असं तरी कसं वाटून घेऊ?

२६ ऑगस्ट

मुलगी झाली!! दोघी बऱ्या आहेत. जिवनबाईनं माझ्याच हातात दिली आधी. काका लांबून फिरून आले, चिखलानं माखलेले. माझ्याशी अजून बोलत नाहीत. नातीशी मात्र त्यांच्या बोलीत किती तरी बोलले.

२८ ऑगस्ट

पाऊस थांबायचं नाव नाही. ओढा दुथडी भरलाय. पुलाकडे जाताच येईना. काका इथेच अडकलेत, व्हरांड्यात येरझाऱ्या घालताहेत. त्यांना चहा दिला. घेतला.

३० ऑगस्ट, शनिवार

पूल उभा आहे. तडासुद्धा नाही. पण ओढा त्याच्याखाली नाही! पुलाला जोडलेल्या तांड्याकडच्या रस्त्याचा भराव फोडून पाणी थेट थावराकाकांच्या रानातून वाहतंय. सगळी हळद गेली. काका आपणहून बोलले –

"पूल न्हाई गेला म्याडम, ओढाच गेला. मापाची टेप काढा. नवा पूल आता माझ्या रानातच लागंल."

टेपचं एक टोक त्यांनीच धरलं.