कुठेच न जाणारी माणसं

तीर्थस्वरूप काकांस,

पुतणीचा वाकून नमस्कार. (दंडवत घालणार होते, पण दिवसभर लोकांचे जिने चढून कंबर सध्या माझं ऐकत नाही.) मी मजेत आहे. तुमची तब्येत विचारत नाही. "उत्तम" हे तुमचं उत्तर मला पाठ आहे. तुमच्या शेजारच्या वहिनी मात्र फोनवर म्हणाल्या की हल्ली तुम्ही जिन्यात मध्येच बसता आणि कोणी विचारलं तर "पेपर वाचतोय" म्हणता. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. असो. भांडण नको म्हणून नोकरीबद्दल लिहिते.

आमच्या संस्थेने रक्तदाबाचा अभ्यास काढलाय. त्यासाठी हवेत साठीपुढचे, एकटे राहणारे आणि डॉक्टरांच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे पुरुष. ते गोळा करायचं काम माझ्या गळ्यात. आमच्या मोठ्या मॅडमनी (बाई हुशार आहेत, पण पुस्तकातल्या) माझं टेबल कुठे मांडलं, तर दवाखान्यात. दवाखान्यात न जाणारी माणसं दवाखान्यात बसून शोधायची. आठवडाभर मी आणि पंखा, दोघंच होतो.

मग मॅडमनी साखळीची युक्ती काढली. एक गडी सापडला की त्याला तीन चिठ्ठ्या द्यायच्या, त्याने त्या आपल्यासारख्याच तिघांना द्यायच्या. पहिला गडी मी मोठ्या मिनतवारीने मिळवला, एक निवृत्त घड्याळजी. त्यांनी दार चार बोटं उघडून माझं म्हणणं ऐकलं आणि रक्तदाबाचा पट्टा बांधायला हातही त्याच फटीतून बाहेर काढला. पुढच्या खेपेला विचारलं, चिठ्ठ्या कोणाला दिल्यात? म्हणाले, "बाई, ओळखीचे तिघं असते तर मी असा एकटा कशाला बसलो असतो?" हे मॅडमना सांगितलं, तर त्यांनी उरलेल्या चिठ्ठ्या गोळा करून खणात टाकल्या.

पण त्या खेपेला माझं लक्ष घड्याळजींच्या डोक्याकडे गेलं होतं. केस कसे नीट कापलेले. जो कोणाकडेच जात नाही, तोही न्हाव्याकडे जातोच की. मी रक्तदाबाचं यंत्र उचललं आणि कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये नेऊन ठेवलं. सलूनवाले भारी उत्साही निघाले. त्यांनी (मला न विचारता) गिऱ्हाइकांचे आकडे आरशावर साबणाने लिहायला घेतले. झालं, चढाओढ लागली. ज्याचा आकडा मोठा तो कॉलर ताठ करून बसायचा. एक माजी पोस्टमास्तर तर आकडा वाढावा म्हणून रस्त्याला दोन फेऱ्या मारून धापा टाकत आले. मी आरसा पुसला, यात जिंकणारा हरतो हे समजावलं आणि सगळ्यांना शांत बसवून पुन्हा मोजलं. (शांत बसवणं हेच कठीण. वर्षानुवर्षं कोणाशी न बोललेली माणसं, एकदा तोंड उघडलं की आवरत नाहीत.) पोस्टमास्तरांचा आकडा बसूनही उतरला नाही. सलूनवाल्यांनी त्यांना अर्ध्या दाढीनिशी डॉक्टरांकडे नेलं. आता गोळी चालू आहे, आणि स्वारी रोज येऊन सलूनची खुर्ची अडवते. माझं काम असं छान चाललंय, काका.

तुमची लाडकी कटकट

ता. क. अभ्यासाला चाळीस जण हवेत आणि एकच जागा रिकामी आहे. ती भरली नाही तर माझ्या नोकरीचं काही खरं नाही. रविवारी सलूनमध्ये आलात तर पुतणीची लाज राहील.

पुन्हा ता. क. वरचं खोटं आहे. जागा परवाच भरली, नोकरीही शाबूत आहे. स्वतःसाठी तुम्ही हलणार नाही, पण माझं अडलंय म्हटलं की पायात चपला सरकवून निघाल, म्हणून लिहिलं. लिहिल्यावर मनाला पटेना. काका, माझं म्हणावं असं मोठं माणूस आता तुम्ही एकच उरलात, आणि मला भीती वाटते. वाचून राग आला असेल, तर रविवारी समोर येऊन रागवा.