तिसऱ्या मजल्यावरची बाई

८ सप्टेंबर २००६, शुक्रवार
ताईचा आमोद गणपतीला आला होता, तो डोंबिवलीला परत गेला आणि आपला व्हिडिओ गेम आमच्या दिवाणावर विसरला. खिशात मावणारं, मिटता येणारं यंत्र. टीव्हीवर ते जपानी कार्टून लागतं ना, शाळेतली पोरं भुतं पकडतात, त्याच्यावरून काढलाय. मैथिली लगेच घेऊन बसली. काढून घेतलं. चौथीतल्या मुलीने भुतांशी खेळायचं? तेही विज्ञान शिक्षकाच्या घरात?

संध्याकाळी अश्वजित आला. बँकेत असतो, आमच्या विवेक मंचाचा सचिव. सर्वपित्री अमावस्येला, म्हणजे २२ तारखेला, पोलादपूरच्या स्मशानात कार्यक्रम ठरलाय. दिवस मावळताना तिथे बसून वडापाव खायचा, भूत नसतं हे लोकांना दाखवायचं. भाषण कोण करणार, असं विचारलं. मी हात वर केला. बाबा कशालाच घाबरत नाहीत, असं मैथिलीने त्याला सांगितलं. मलाही न्या म्हणाली. नेतो म्हटलं.

९ सप्टेंबर, दुपार
भाषणाचा विषय: बालमन आणि भूत. त्यासाठी गेमचा अभ्यास ओघानेच आला. फक्त अर्धा तास.

त्याच दिवशी, संध्याकाळ
चार तास. अभ्यास म्हटला की वेळ जातोच.
गेममधल्या शाळेचा पहिला मजला: नळातून केस येतात. बालिश.
दुसरा मजला: प्रयोगशाळेतला सांगाडा चालतो. स्नायू नसताना सांगाडा चालूच शकत नाही. हसलो. एकदा जरा जोरात हसलो, तर कोण ओरडलं ते बघायला मैथिलीची आई, कालिंदी, पोळी तव्यावर टाकून धावत आली.

११ सप्टेंबर
तिसरा मजला. जिन्यात पांढऱ्या कपड्यातली बाई असते. आधी संगीत थांबतं. मग काहीच होत नाही. मग मागून खांद्यावर हात पडतो. गेम ओव्हर.
छातीत धडधडलं. ॲसिडिटी. कालिंदीला उसळीत तिखट कमी घालायला सांगितलं पाहिजे.

१३ सप्टेंबर
शाळेतल्या सांगाड्यावर चादर टाकून ठेवायला सोमा शिपायाला सांगितलं. धूळ बसते. अर्ध्या तासाने चादर काढायला सांगितलं. पांढरी होती.

१५ सप्टेंबर
लोडशेडिंग. गेमच्या पडद्याला स्वतःचा उजेड असतो म्हणून अंधारात खेळलो. चूक झाली. उजेड फक्त त्या बाईवर पडतो.
न्हाणीघरात जाताना मैथिलीला दाराशी उभं केलं. अंधारात लहान मुलांना एकटं सोडू नये.

१७ सप्टेंबर
अजून तिसऱ्याच मजल्यावर. यंत्राचं बटण सदोष आहे. आमोदला फोन करून झापलं. तो म्हणाला, बटण ठीकच आहे मामा, संगीत थांबलं की मागे वळायचं, तिच्याकडे बघत बटण दाबायचं, टॉर्च लागतो, ती जाते. मी तेच तर करतोय. हल्लीची पोरं मोठ्यांना शहाणपण शिकवतात.

१९ सप्टेंबर
आज खेळताना मैथिली मागे उभी होती हे मला ठाऊक नव्हतं. म्हणाली, बाबा, तुम्ही बटण दाबतच नाही, तुम्ही डोळे मिटता. पोरीची कल्पनाशक्ती दांडगी आहे. तिने यंत्र घेतलं आणि पहिल्याच फटक्यात त्या बाईला पळवून लावलं. नशीब एकेकाचं. चौथ्या मजल्यावर काय आहे ते बघा ना, म्हणून मागे लागली. मी कालिंदीला भाजी निवडायला मदत केली.

२१ सप्टेंबर
पाऊस येईल, कार्यक्रम हॉलमध्ये घेऊ, असं अश्वजितला सुचवलं. स्मशानातल्या कार्यक्रमाला स्मशान लागतं सर, असं म्हणाला.
इथे लिहायला हरकत नाही. भीती वाटते. भुताची नव्हे. उद्या मैथिली माझ्या तोंडाकडे बघेल, त्याची.

२२ सप्टेंबर, दुपार
तयारी पूर्ण. खिशात एक लिंबू आणि हिरव्या मिरच्या घेतल्यात. वडापावबरोबर लागतात. मिरच्या बरोबर सातच का, असं कालिंदीने विचारलं. भूक किती लागेल ते आधी कसं सांगणार?

२३ सप्टेंबर
कार्यक्रम यशस्वी.
पोलादपूरची पन्नासेक माणसं होती. नदीचा काठ, शेडखाली परवाची राख, कावळे. भाषण डोळे मिटून केलं. विचारी वक्ते असंच बोलतात. मैथिलीचा हात धरला होता, तिला धीर यावा म्हणून. जगात भूत नसतं, या वाक्यावर संपवलं. टाळ्या पडल्या. मग टाळ्या थांबल्या. मग काहीच झालं नाही. मग मागून खांद्यावर हात पडला.
पुढचं नीट आठवत नाही. हायवेला मिळाली ती एसटी पकडली. ती खेडची, उलट्या दिशेची निघाली. कंडक्टर सारखा माझ्या अंगाकडे बघायला लागला तेव्हा कळलं की अंगावर पांढरी शाल आहे. गावातर्फे तिथल्या कुशाबाने माझा सत्कार केला होता. सत्कार समोरून करावा, असा ठराव मंचाने केला पाहिजे.
आणि तेव्हाच कळलं की हातात मैथिलीचा हात नाही. कधी सोडला ते आठवेना. इतका मी जन्मात घाबरलो नव्हतो. कशेडी घाटात गाडी थांबवून उतरलो आणि महाडला, घराकडे जाणाऱ्या ट्रकना हात करत सुटलो. एक थांबेल तर शपथ. मला बघून उलट वेग वाढवायचे. शाल काढावी हे सुचलंच नाही. शेवटी दुधाच्या टेम्पोने घेतलं, तेही मागे, कॅनपाशी.
घरी पोचलो तर मैथिली अश्वजितच्या स्कूटरवरून केव्हाच आली होती. वरणभात खात होती. बाबा, तुमचा नारळ राहिला होता, मी आणला, एवढंच म्हणाली.
मुलगी सुखरूप. म्हणजे एकंदर नियोजन बरोबरच होतं. कालिंदी बोलत नाही.

२८ सप्टेंबर
बाजारात कुशाबा भेटला. त्या दिवशीचं भाषण लय बेस झालं म्हणाला, सरांना घाईची गाडी पकडायची होती हे त्याला मागाहून कळलं. अश्वजितने सांगितलं असावं. भला माणूस.
मग आवाज खाली आणून म्हणाला, सर, कशेडीत भूत हाय. अमावस्येपासनं दिसतंय. पांढरी शाल पांघरून ट्रकाला हात करतंय. पाय नाय त्याला.
लिंबू सरबत पाजून त्याला वाटेला लावलं.

३० सप्टेंबर
मंचाची तातडीची बैठक. कशेडीच्या अफवेने ट्रकवाले संध्याकाळनंतर घाटात शिरेनात. पुढच्या शनिवारी दिवेलागणीला मंचाच्या माणसाने तिथे उभं राहायचं आणि भूत नसल्याचं सिद्ध करायचं. अश्वजितने माझं नाव सुचवलं. फार गंभीर चेहऱ्याने. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मैथिलीला हे त्यानेच घरी येऊन सांगितलं.

१ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. ते भूत म्हणजे मी. मीच उतरलो, मीच हात केले, शाल आमच्याच कपाटात आहे. विज्ञानाच्या दृष्टीने विषय संपला.
फक्त कुशाबाने निघताना सांगितलं होतं की सोमवारीही दिसलं. सोमवारी मी घरी होतो.
कपाट उघडून शाल आहे ना ते बघायचं होतं. कालिंदीला बघायला सांगितलं. आहे म्हणाली. आठ दिवसांत बोललेला पहिला शब्द असल्यासारखा म्हणाली.
शेवटी मैथिलीला विचारलं, शनिवारी येतेस का बरोबर, तुला अनुभव मिळेल. गेममधून मान वर न काढता येते म्हणाली. सातव्या मजल्यावर आहे. मग गेम थांबवला आणि म्हणाली, तुम्ही खुशाल डोळे मिटा बाबा, बघायचं काम मी करते. पण या वेळी हात मी धरणार.
बरं म्हटलं.