लोकरीचा चेंडू

ती. आईस,
धाकटीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. बालवाडीत रोज सकाळी मुलं आणि मी गोल करून जमिनीवर बसतो. पडद्यातून ऊन झिरपतं, सगळं स्वप्नातल्यासारखं संथ होतं. लोकरीचा चेंडू फिरतो. ज्याच्याकडे येईल त्यानं बोलायचं, नको असेल तर पुढे द्यायचा. कुणी रागवत नाही.

एक चिमुरडी नेहमी पुढेच द्यायची. आज तिनं चेंडू गालाशी धरून ठेवला. मी घाई केली नाही, पोरंही चिडीचूप. मग हळूच म्हणाली, "आमच्याकडे मांजर आहे."

बाबांचा खोकला कसा आहे?

मी इकडे आल्यापासून तू फोन उचलतेस आणि लगेच बाबांकडे देतेस. या रविवारी नुसता कानाशी धरून ठेव. मी थांबेन.

तुझीच,
धाकटी